थंडीत हौदातले गप्पी दरवर्षी मरत असतील तर

दिवाळीत हौदात गाळणं बुडवलं की एका वेळी दहा-पंधरा गप्पी मासे वर येतात. डिसेंबर सरता सरता रोज सकाळी दोन-तीन मेलेले सापडायला लागतात आणि संक्रांतीचे तीळ भाजायला घेईपर्यंत हौदात नुसतं शेवाळ उरतं. आमच्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला हे सलग तीन हिवाळे झालं. उन्हाळ्यात नवे मासे आणायचे, पावसाळ्यात ते शेकड्यांनी वाढायचे आणि थंडीत एकेक करून काढून टाकायचे. "गप्पीच ते, परत आणू," असं घरात सगळे म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. पाळलेला जीव दरवर्षी त्याच महिन्यात मरतो, म्हणजे दरवर्षी तीच चूक होतेय.

आमचा हौद म्हणजे मागच्या अंगणातली सिमेंटची गोल टाकी. तीन फूट रुंद, आत दीड फूट पाणी, म्हणजे साधारण ३०० लिटर. त्यात थोडं हायड्रिला, म्हणजे पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती, एका कुंडीत कुमुद आणि बाकी गप्पी. निफाडची थंडी तर सगळ्यांना ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी कितीतरी हिवाळ्यांत वाचलेली असेल. पण ती हवेची थंडी. मासा हवेत राहत नाही, पाण्यात राहतो, आणि पाणी किती गार होतं ते मी तीन वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

चौथ्या वर्षी साधा काचेचा थर्मामीटर दोऱ्याला बांधून हौदात सोडला. रोज पहाटे सहाला आणि दुपारी तीनला आकडा वहीत लिहायचा, एवढंच. पहिल्या कडाक्याच्या आठवड्यात पहाटेचं पाणी ११ अंश आणि दुपारचं १९. एका दिवसात आठ अंशांचा हेलकावा! त्या पहाटे टॉर्च मारून बघितलं तर मासे तळाच्या गाळावर ओळीने टेकलेले होते, पर अंगाला चिकटवलेले, शेपटी किंचित एका बाजूला. एक पोटुशी मादी मध्येच उचकी लागल्यासारखी हलायची आणि परत बसायची. मेलेलं त्यांतलं कुणीच नव्हतं. त्या दिवशी मेले ते दुपारनंतर.

तेव्हा कळलं की एका गार रात्रीने हे मासे लगेच मरत नाहीत. रोज उतरायचं, रोज चढायचं, यात ते थकतात, आणि मग बाकीच्या गोष्टी त्यांना संपवतात. गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातला. त्याला २२ ते २८ अंश पाणी मानवतं. १८च्या खाली तो मंदावतो, १५च्या खाली खाणं जवळजवळ सोडतो आणि १०च्या आसपास फार काळ टिकत नाही. त्यामुळे पहाटेचं पाणी १५ अंशांच्या वर ठेवणं आणि पहाट-दुपारचा फरक चार-पाच अंशांवर आणणं, ही दोनच कामं मी समोर ठेवली.

आधी मासे कसे मरतात ते नीट बघा

थंडीच्या महिन्यात मेलेला प्रत्येक मासा थंडीने मेलेला नसतो. उपाय करण्याआधी दोन-तीन पहाटे हौदाजवळ उभं राहून बघा.

मासे तळाला टेकलेले आणि पर मिटलेले असतील तर ती थंडी. पण पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू कमी पडलाय. खरं तर गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणून हिवाळ्यात मासे वर येऊन धापा टाकत असतील तर पाण्यात काहीतरी सडतंय असंच समजा. कुमुदाची पानं थंडीत पिवळी पडून आत गळतात, देशी बदामाची लाल पानं याच दिवसांत झडतात, आणि तळाशी न खाल्लेले चुरमुरे असतात. हे सगळं काढा, पाण्याचा पाचवा हिस्सा बदला, दोन दिवसांत फरक दिसतो.

लहान-मोठे सगळे एकाच दिवसात गेले आणि गोगलगायीही मेल्या, तर थंडीला दोष देऊ नका. आमच्या भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या सुरू असतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा तुषार वाऱ्यावर अंगणापर्यंत येतो. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं मोरचूद माशांना आणि गोगलगायींना फार घातक, काही कीटकनाशकं तर त्याहून वाईट. शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं आणि तेवढा वेळ हौदावर प्लास्टिक कागद टाकायचा. आण्णा, म्हणजे माझे सासरे, आता स्वतःच आवाज देतात, "उद्या सकाळी फवारा आहे गं, तुझा हौद झाक."

आणि मेलेले मासे सापडतच नाहीत, फक्त संख्या घटतेय, असं असेल तर वर तारेकडे बघा. गारठलेला गप्पी हळू पळतो आणि खंड्याला ते बरोबर कळतं. ढोकरीही सकाळच्या उन्हात काठावर येऊन उभी राहते. हौदावर शेडनेटचा तुकडा ताणून बांधला की हा प्रश्न मिटतो.

आणखी एक. लांब झुपकेदार शेपटीचे रंगीत गप्पी आधी जातात. आरोग्य केंद्रातून डासांच्या अळ्या खाण्यासाठी देतात ते साधे राखी गप्पी जास्त काटक असतात. अंगणात ठेवायचे तर तेच ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी इतकं गार का होतं

उघड्या आभाळाखाली, वारा नसलेल्या निरभ्र रात्री पाण्याचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतो. त्यात बाष्पीभवनाने आणखी गारवा. वरचं गार झालेलं पाणी जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, तेही गार होतं. असं रात्रभर चालतं. सकाळी वर आणि तळाला थर्मामीटर धरून बघितलं तर फरक जवळपास नसतो.

हे सांगायचं कारण असं की "तळ खोल ठेवा, मासे खाली उबेत राहतात" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बर्फ पडणाऱ्या देशांसाठी बरोबर आहे. माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या अंगणातल्या तळ्यावर बर्फाचा थर येतो आणि खाली गोल्डफिश जिवंत राहतात, कारण पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. तळाशी तेच ४ अंशांचं पाणी साठतं आणि वर त्याहून गार पाणी आणि बर्फ. आपल्याकडे पाणी ४ अंशांपर्यंत उतरतच नाही. त्यामुळे आपल्या हौदात गार पाणीच तळाला जातं. खोलीचा फायदा आपल्यालाही आहे, पण तो वेगळ्या कारणाने. पाणी जास्त असलं की ते सावकाश गार होतं, आणि हौद जमिनीत असला तर खालच्या मातीची ऊब मिळते.

म्हणून गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टबात मासे सगळ्यात आधी मरतात. पाणी थोडं आणि चारी बाजूंनी वारा. तुमचा टब गच्चीवर असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो खाली आणा.

आम्ही काय बदललं

पहिलं काम जागेचं. हौद कडुनिंबाखाली होता. उन्हाळ्यात ती सावली हवीच, पण हिवाळ्यात दुपारी दोनपर्यंत तिथे ऊन यायचं नाही. सिमेंटची टाकी हलवणं सोपं नाही. दिवाळीनंतर पाणी अर्ध्यावर आणून चौघांनी ती घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहते. हात लावून बघा, रात्री नऊलाही विटा कोमट लागतात.

दुसरं, गोधडी. टाकीच्या भोवती उसाच्या पाचटाचा सहा-सात इंच जाड थर रचला, त्यावर जुनी बारदानं गुंडाळली आणि बाहेरून प्लास्टिक कागद, म्हणजे दवाने पाचट भिजत नाही. ओल्या पाचटाचा काही उपयोग नाही, उलट ते गारवा धरतं. टाकीखाली थर्माकोलचे दोन तुकडे आले. ज्यांना जमेल त्यांनी टाकी फूटभर जमिनीत गाडावी, ते याहून चांगलं. नवीन घर बांधणाऱ्यांना मी हौद जमिनीतच घ्यायला सांगते.

तिसरं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे रात्रीचं झाकण. बांबूच्या तट्ट्यावर बारदान शिवून घेतलं. ऊन कललं की लगेच, साधारण साडेपाचला, हे झाकण टाकायचं आणि सकाळी साडेआठ-नऊला हौदावर ऊन आलं की काढायचं. एका कडेला चार बोटं फट ठेवायची, हवा खेळती राहते. झोपताना झाकून उपयोग नाही, तोवर निम्मी ऊब गेलेली असते. डाळिंबावर टाकतात ते पांढरं क्रॉप कव्हर दुहेरी करून ताणलं तरी चालतं. पाण्याने आकाश बघता कामा नये, एवढंच त्यामागचं तत्त्व.

या तीन गोष्टींनी पहाटेचा आकडा ११ वरून १५वर आला. दुपारचा १९ तसाच राहिला. मेलेल्या माशांची संख्या त्या आठवड्यात शून्य होती.

थंडीची लाट येते तेव्हा एवढ्याने भागत नाही. तिथे आण्णांनी रस्ता दाखवला. इथले बागायतदार कडाक्याच्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, कारण जमिनीखालचं पाणी थंडीतही कोमट असतं. आमच्या बोअरचं पाणी जानेवारीत २४ अंश भरलं. हौदातलं ६० लिटर पाणी काढून तेवढंच बोअरचं घातलं तर १२ अंशांचा हौद साधारण १४ अंशांवर जातो. ते बदाबदा ओतायचं नाही. पाइपच्या तोंडाला पिठाची चाळणी धरून अर्धा तास बारीक धारेने सोडायचं, कारण बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि धार फुटली की तो मिसळतो. लाटेचे दोन-तीन दिवसच हे करायचं, रोज नको. नळाचं पाणी वापरत असाल तर आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातं, पण मग ते रात्रभर गार होतं. त्यामुळे हा उपाय बोअर-विहीरवाल्यांनाच उपयोगी.

मायेपोटी होणाऱ्या चुका

गरम पाण्याची बादली. मीसुद्धा आणली आहे. ६० अंशांचं १५ लिटर पाणी ३०० लिटरच्या हौदात ओतलं तर अख्खा हौद जेमतेम दोन अंशांनी तापतो, आणि ती ऊब झाकण नसलेल्या हौदातून सूर्योदयापर्यंत निघून जाते. पण जिथे धार पडते तिथला मासा भाजतो.

हीटर. ३०० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते, तीही एका वेळेसाठी आणि काहीच ऊब बाहेर जात नाही असं धरून. उघड्या हौदात ती ऊब टिकत नाही आणि पहाटे वीज गेली तर पाणी झपाट्याने उतरतं. तो उतार माशांना सतत गार असलेल्या पाण्यापेक्षा वाईट. शिवाय अंगणात ओल्या हाताने हीटर हाताळणं धोक्याचं. लावायचाच असेल तर ३० मिलिअँपियरवर तुटणारा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारं बटण) असल्याशिवाय लावू नका आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून पिन काढा.

खाऊ. मासे सुस्त दिसले की घरातली मोठी माणसं कणकेच्या गोळ्या टाकतात. पाणी १५च्या खाली असताना गप्पी ते खात नाही, खाल्लं तर पचत नाही. तळाशी सडलेल्या कणकेतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणूही थंडीत मंदावलेले असतात. मी आता दुपारचा आकडा बघूनच खायला देते. १८च्या वर असेल तर दुपारी एक-दोनच्या दरम्यान चिमूटभर, पाच मिनिटांत संपेल एवढंच. त्याखाली काही नाही. सुदृढ गप्पीला आठवडाभर खाऊ मिळाला नाही तर काही होत नाही, भिंतीवरचं शेवाळ तो टोचत राहतो.

रात्रीचा हवेचा पंप. बुडबुडे रात्रभर पाच-सहा अंशांची हवा पाण्यातून फिरवतात. मासे खच्चून भरलेले नसतील तर थंडीत पंप सकाळी दहा ते चार चालवा, रात्री बंद.

थोडे मासे घरात आणाच

झाकण, पाचट, बोअर सगळं केलं तरी एखादी रात्र हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यात, पाणी अजून २० अंशांच्या वर असतानाच, मी सात-आठ माद्या आणि तीन नर आत घेते. जानेवारीत मासे मरायला लागल्यावर आणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. गारठलेला मासा हाताळणीनेच मरतो.

४० लिटरचा टब पुरतो. पाणी हौदातलंच भरा आणि थोडं हायड्रिला घाला. मासे नंतर आणले आणि दोन्हीकडच्या तापमानात फरक असला तर पिशवी अर्धा तास टबात तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी एकेक वाटी टबातलं पाणी पिशवीत घाला. स्वयंपाकघराचा कोपरा उबदार असतो, पण फोडणीच्या धुरापासून लांब. निफाडसारख्या गारठ्यात टबाला ५० वॅटचा छोटा हीटर लावला तर तो इथे खरंच कामाचा आहे, कारण पाणी थोडं आणि वर झाकण असतं.

एक इशारा काळजापासून देते. खोलीत डासांचा फवारा मारू नका. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना फार विषारी असतात. उदबत्ती आणि लिक्विडसुद्धा त्या खोलीत नको. एका वर्षी हौदातले मासे वाचले आणि आतले सगळे एका रात्रीत गेले, ते याच कारणाने.

गप्पीची मादी नराकडून मिळालेलं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकही नर उरला नाही तरी ती पिल्लं देते. दर चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं. म्हणजे आत वाचलेल्या आठ माद्या उन्हाळ्यापर्यंत हौद परत भरून टाकतात. दिवाळीत मासे जास्त झाले म्हणून कुणी ते कादवेत किंवा गोदावरीत सोडू नका. या नद्यांचं पाणी पुढे नांदूरमधमेश्वरला जातं, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ते, २०२० साली जाहीर झालेलं. तिथल्या देशी माशांच्या वाट्याला आपले पाहुणे नकोत. शेजाऱ्यांच्या हौदासाठी द्या, झाकणाची पद्धत सांगून.

थंडी ओसरताना येणारे पांढरे ठिपके

लाट गेल्यावर आठ-दहा दिवसांनी अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, मासे कुंडीच्या कडेला अंग घासायला लागले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक. तो एका परजीवीमुळे होतो आणि थकलेल्या माशांना गाठतो. उबदार पाण्यात या परजीवीचं चक्र काही दिवसांत संपतं, १० अंशांच्या पाण्यात ते आठवडे रेंगाळतं, म्हणून अंगणात औषध घालून लवकर गुण येत नाही. आजारी मासे वेगळ्या टबात आत घ्या, पाणी दोन दिवसांत हळूहळू २८ अंशांपर्यंत चढवा आणि लिटरला दोन ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला. ४० लिटरला ८० ग्रॅम, तेही तीन हप्त्यांत. दहा दिवस तसंच ठेवा. ठिपके पाचव्या दिवशी गेले तरी मध्येच थांबू नका, कारण अंगावरून गळलेले परजीवी पाण्यात पुन्हा वाढत असतात. या टबात वनस्पती ठेवू नका, मिठाने त्या जळतात.

मासे परत बाहेर सोडायची घाई शिवरात्रीला करू नका. आमच्याकडे फेब्रुवारीतही एखादी पहाट परत बोचते. पहाटेचं पाणी सलग सात दिवस १८च्या वर राहिलं की मी पाचट काढते, कुमुदाची कुंडी बाहेर घेऊन गाळ धुते आणि निम्मे मासे सोडते. उरलेले निम्मे आठवड्याने. पहिल्या संध्याकाळी झाकण टाकायचं मात्र विसरायचं नाही.